डबल मेजर? आधी टाइमटेबल दाखवा!

बारावीचा रिझल्ट लागला की नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या फोनला अचानक भाव येतो. मामाची मुलगी, शेजारच्या काकूंचा मुलगा, ऑफिसमधल्या मॅडमची भाची... सगळ्यांना एकच विचारायचं असतं. ‘ताई, सायकॉलॉजी घेऊ की इकॉनॉमिक्स?’ गेल्या एक-दोन सीझनपासून त्यात नव्या प्रश्नाची भर पडलीय. ‘ताई, दोन्ही घेता येतात ना गं? डबल मेजर?’

आपण मोठ्या माणसाच्या थाटात सांगून टाकतो, ‘हो हो, आता एनईपी आलंय ना, सगळं चालतं!’ फोन ठेवतो आणि पुन्हा एक्सेलमध्ये डोकं घालतो. पण मंडळी, खरंच सगळं चालतं का? गेले काही दिवस मी याच प्रश्नाच्या मागे लागले होते. मुलुंड ते बोरिवली जेवढ्या ओळखीच्या प्राध्यापकांना, क्लार्कना आणि विद्यार्थ्यांना पिडता येईल तेवढं पिडलं. त्यातून एक गोष्ट मात्र पक्की कळली. डबल मेजर नियमांच्या पुस्तकात फारसं अडत नाही. ते अडतं कॉलेजच्या नोटीस बोर्डावर, टाचणीने लावलेल्या त्या एका कागदावर. टाइमटेबलवर!

थ्री-थ्रीचा जमाना

आधी थोडं फ्लॅशबॅक. डबल मेजर ही काही एनईपीने अमेरिकेहून आणलेली नवी चीज नाही. मुंबई विद्यापीठाच्या बीएला ती अनेक वर्षं होतीच, फक्त तिचं नाव इतकं ग्लॅमरस नव्हतं. एफवायला तीन विषय घ्यायचे आणि टीवायला सहा पेपर. सहाच्या सहा पेपर एकाच विषयाचे घेतले की ‘सिक्स युनिट्स’. दोन विषयांचे तीन-तीन घेतले की ‘थ्री-थ्री’. हिस्ट्री-पॉलिटिक्स, इको-स्टॅट्स, मराठी-हिंदी अशा जोड्या कट्ट्यावर सगळ्यांना पाठ असायच्या. सायन्सलाही हेच. कुणी सिक्स युनिट्स केमिस्ट्री, तर कुणी फिजिक्स-मॅथ्स. वर ॲप्लाइड कॉम्पोनंटचा तडका.

म्हणजे विद्यापीठ म्हणत होतं, ‘घ्या!’ प्रॉब्लेम पुढे होता.

कॉलेजचा प्रॉस्पेक्टस उघडला की विषयांची लांबलचक यादी दिसायची. आठ, दहा, कधी बारा विषय. बघूनच मन भरून यायचं. मग खाली बारीक अक्षरात ‘ग्रुप’ यायचे. ग्रुप एकमधून एक, ग्रुप दोनमधून एक, ग्रुप तीनमधून एक. आता हे ग्रुप कुठल्या शैक्षणिक विचारातून पाडले असतील, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुम्ही फारच भाबडे! एका ग्रुपमधले विषय म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या वर्गांत शिकवले जाणारे विषय. बास. सायकॉलॉजी आणि मराठी एकाच ग्रुपमध्ये असतील, तर त्याचं कारण फ्रॉइड नाही. कारण मंगळवारी नऊ चाळीसला दोन्ही लेक्चर्स लागलेली असतात.

माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत नेमकं हेच झालं. मुलुंडची पोरगी, वाचनाचं वेड, आणि माणसांच्या डोक्यात काय चालतं याचं त्याहून जास्त वेड. तिला सायकॉलॉजी आणि मराठी साहित्य, दोन्ही हवं होतं. खिडकीतल्या काकांनी फॉर्म बघितला, चष्मा वर केला आणि शांतपणे विचारलं, ‘बाळा, एका वेळी दोन वर्गांत कशी बसणार?’ प्रश्न बिनतोड होता. तिने मराठी सोडलं.

आज ती काउन्सेलर आहे. अंधेरीत बसते, चांगलं चाललंय. पण तिचे निम्मे क्लायंट भांडुप, कांजूर, विक्रोळीहून येतात आणि मराठीत बोलतात. ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं सुन्न झालंय’, ‘मन लागत नाही’ या प्रत्येक वाक्यात वेगळं दुखणं असतं. ती म्हणते, ‘अगं, माझी सगळी टर्मिनॉलॉजी इंग्रजीतली. समोरची बाई ‘जीव टांगणीला लागलाय’ म्हणते आणि मी मनातल्या मनात ‘अँग्झायटी’ लिहिते. मधलं काहीतरी हरवतं.’ आता तीन वर्षं मराठीचे तीन-तीन पेपर केल्याने ते सापडलंच असतं का? सांगता येत नाही. पण ते शोधायची संधी तिच्या हातून गेली. तीसुद्धा मार्क कमी पडले म्हणून नाही, की आवड आटली म्हणूनही नाही. फक्त नऊ चाळीसचं लेक्चर क्लॅश झालं म्हणून. हे मात्र जरा डोक्यात जातं.

व्हिलन कोण?

प्राध्यापक मंडळी आडमुठी असतात, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मीही तेच ठरवून गेले होते. पण एका डिपार्टमेंटच्या मॅडमनी मला वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून दाखवला आणि माझी बोलती बंद झाली.

अनुदानित कॉलेजात शिक्षकाचं पद टिकतं ते वर्कलोडवर. यूजीसीच्या नियमाप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं, असोसिएट प्रोफेसर आणि प्रोफेसरने १४. आता समजा, एका पेपरला आठवड्याला चार लेक्चर्स. टीवायला सहा पेपर चालले तर झाली २४ लेक्चर्स. सगळी मुलं थ्री-थ्रीला गेली तर विषयाचे तीनच पेपर चालणार, म्हणजे १२ लेक्चर्स. अर्धा लोड गायब! मग एखादं पद सरप्लस. निवृत्त झालेल्या सरांची जागा भरली जात नाही, तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं, तेही पुढच्या वर्षी असेलच याची खात्री नाही. म्हणून डिपार्टमेंट पोरांना प्रेमाने समजावतं, ‘सिक्स युनिट्सच घे, स्पेशलायझेशन होतं.’ त्यात विषयाचं प्रेम असतंच. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची नोकरीही असते.

गंमत म्हणजे याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. जिथे डिपार्टमेंटमध्ये मोजून एक शिक्षक उरलाय, तिथे सहा पेपर शिकवणार कोण? तिथे मुलांना थ्री-थ्रीशिवाय पर्यायच राहत नाही. म्हणजे एका कॉलेजात डबल मेजर मागूनही मिळत नाही आणि दुसरीकडे नको असतानाही गळ्यात पडतं. विद्यापीठ एक, नियम एक, पण तुमचं नशीब स्टाफरूममधल्या खुर्च्यांच्या संख्येवर.

वर आपल्याकडचा सल्ला बाजार. ‘थ्री युनिटवाला कच्चा राहतो’, ‘एमएस्सीला सिक्स युनिटवाल्यांनाच भाव’ हे डायलॉग बोरिवलीच्या क्लासवाल्यांपासून घाटकोपरच्या काकांपर्यंत सगळ्यांना पाठ. कुणी असं म्हणत नाही की, बीएडला दोन विषयांच्या अध्यापन पद्धती घ्यायच्या असल्या की दोन विषयांचा पाया असलेली मुलगी फायद्यात असते. किंवा इकॉनॉमिक्सवाल्याला स्टॅटिस्टिक्स नीट येत असेल तर अंधेरीतल्या कुठल्याही रिसर्च फर्मला तो हवाच असतो.

आणि हे फक्त बीएच्या मुलांचं दुखणं समजू नका. आम्ही बीएमएमवाले स्वतःला सॉलिड मॉडर्न समजायचो. पण तिसऱ्या वर्षी आमच्यासमोरही दोनच दरवाजे होते, जर्नालिझम नाहीतर ॲडव्हर्टायझिंग. मी जर्नालिझमचा उघडला. आज फ्रीलान्सर म्हणून महिन्यातले पंधरा दिवस लेख लिहिते आणि उरलेले पंधरा दिवस ब्रँड्ससाठी कॉपी. मार्केटने माझं डबल मेजर करून घेतलंच, फक्त त्याचं सर्टिफिकेट मिळालं नाही!

एनईपीचं गणित

आता वर्तमानात येऊ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. डिसेंबर २०२२ मध्ये यूजीसीने पदवीचा नवा आराखडा दिला. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ ला एफवायला बसलेली बॅच या नव्या पद्धतीची. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, आणि सगळ्यांचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट्स.

यूजीसीच्या आराखड्यात डबल मेजरची व्याख्या अगदी स्वच्छ आहे. दुसऱ्या विषयात एकूण क्रेडिट्सपैकी किमान ४० टक्के मिळवा. तीन वर्षांच्या १२० क्रेडिट्सच्या डिग्रीत ४८, चार वर्षांच्या १६० मध्ये ६४. झालं डबल मेजर!

ऐकायला किती छान. आता जरा कॅल्क्युलेटर काढू. आपल्या राज्याच्या आराखड्यात मायनर विषयाला साधारण १८ ते २० क्रेडिट्स आहेत. म्हणजे मायनरला डबल मेजरचा दर्जा द्यायचा तर आणखी जवळपास २८ क्रेडिट्स हवीत. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं. २८ गुणिले १५, झाले ४२० तास! हे तास आणायचे कुठून? ओपन इलेक्टिव्हमधून भरू म्हणाल, तर ते मेजरच्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यायचं असा दंडक आहे. पॉलिटिकल सायन्स मेजर असेल तर इकॉनॉमिक्सची भर त्या खात्यातून टाकता येत नाही.

तेव्हा कागदावर ‘हो’ आहे. पण ते ४२० तास तुमच्या कॉलेजात कुणीतरी शिकवायला हवेत, एखाद्या वर्गात शिकवायला हवेत, आणि तुमच्या पहिल्या मेजरच्या लेक्चर्सशी ते टकरायला नकोत. फिरून गाडी पुन्हा त्याच टाचणीच्या कागदावर!

तसं एक दार खरंच उघडलंय, ते सांगायला हवं. २०२४ च्या यूजीसीच्या पदव्युत्तर आराखड्यानुसार पदवीला मेजर-मायनर काहीही असो, त्या विषयाची राष्ट्रीय किंवा विद्यापीठ पातळीवरची प्रवेश परीक्षा पास झालात तर मास्टर्सला प्रवेश घेता येतो. म्हणजे ‘डबल मेजर नाही मिळालं, आता मराठीत एमए कधीच नाही’ असं रडत बसायचं कारण उरलेलं नाही. अर्थात तुमचं विद्यापीठ हे कसं राबवतं, ते आधी बघून घ्यायचं.

एक विषय पुरेना? मग दोन डिग्र्या!

हे वाचून ‘माझं कॉलेज संपून सहा वर्षं झाली, मला काय त्याचं’ असं म्हणणाऱ्यांसाठी हा पॅराग्राफ.

एकाच वेळी दोन डिग्र्या करायला आपल्याकडे मनाई होती. तरी गुपचूप करणारे होतेच. १३ एप्रिल २०२२ पासून यूजीसीने ती परवानगी अधिकृतपणे दिली. दोन्ही फुल टाइम कोर्स प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील तर एकाच्या तासांची दुसऱ्याच्या तासांशी टक्कर व्हायला नको. किंवा एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरस्थ नाहीतर ऑनलाइन. किंवा दोन्ही दूरस्थ. पीएचडीला ही सवलत नाही. दूरस्थ आणि ऑनलाइन कोर्सला यूजीसीची मान्यता असायलाच हवी. आणि जून २०२५ मध्ये यूजीसीने आणखी एक चांगलं काम केलं, या तारखेच्या आधी ज्यांनी एकाच वेळी दोन डिग्र्या केल्या होत्या त्यांनाही दिलासा दिला. वर्षानुवर्षं एक मार्कशीट कपाटात लपवून ठेवणाऱ्यांनो, काढा बाहेर!

पण बघा, इथेही अट तीच. तासांची टक्कर नको. दोन्हीकडे ७५ टक्के अटेंडन्स धरला की सकाळी सात ते संध्याकाळी सात वर्गातच. आपल्या उपनगरातल्या कॉमर्सवाल्यांना मात्र हे जगणं नवीन नाही. सकाळी सातचं कॉलेज, मग लोकल पकडून फोर्टला सीएची आर्टिकलशिप, रात्री क्लास. तिथे आयसीएआयने नियम आधीच करून ठेवलाय. आर्टिकलशिप करताना दुसरा कोर्स करायचा तर फॉर्म ११२ भरून परवानगी घ्या आणि कॉलेजची वेळ ऑफिसच्या वेळेच्या आड येऊ देऊ नका. मुलुंड-घाटकोपर-बोरिवलीतल्या हजारो घरांत हा डबल रोल चाललाय आणि त्याला कुणी ‘मल्टिडिसिप्लिनरी’ म्हणत नाही. ‘पोरगं मेहनती आहे’ एवढंच म्हणतात.

आणि मोठी उदाहरणं हवी असतील तर १९१६ साली लंडनला गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घ्या. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, दोन्हीकडे एकाच वेळी नाव घातलं. शिष्यवृत्ती संपल्याने मध्येच परतावं लागलं, पण १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि दोन्ही पूर्ण केलं. राज्यघटना लिहिताना आणि रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिताना या दोन्ही शिक्षणांचा काय उपयोग झाला, ते मी सांगायची गरज नाही. २०२२ च्या आधीच्या आपल्या नियमांत त्यांना खिडकीवरून काय उत्तर मिळालं असतं, याची कल्पना करा!

बाहेरही सगळं आलबेल होतं असं समजू नका. अमेरिकेत डबल मेजर सर्रास चालतं, पण खुद्द हार्वर्डने दोन स्वतंत्र विषयांत डबल करायची मुभा दिली ती २०२२ मध्येच. तोपर्यंत दोन विषय हवे असतील तर दोन्ही जोडणारा एक प्रबंध लिहावा लागायचा.

मेट्रोत बसून सुचलेली आयडिया

दक्षिण मुंबईत २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ सुरू झालं. एल्फिन्स्टन, सिडनहॅम, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज, या चार सरकारी संस्था एका छत्राखाली. कल्पना साधी. एकट्या कॉलेजला सगळं शिकवणं जमत नाही, तर शेजाऱ्यांनी वाटून घ्यावं.

मग उपनगरांनी काय घोडं मारलंय? पार्ल्यात दीक्षित रोडवर साठ्ये आणि डहाणूकर, दोन्ही पार्ले टिळक विद्यालय असोसिएशनची. पलीकडे पश्चिमेला मिठीबाई आणि एन.एम., एकाच मंडळाची आणि एकमेकांच्या शेजारी. मुलुंडला रेल्वेच्या एका बाजूला वझे-केळकर, दुसऱ्या बाजूला मुलुंड कॉलेज ऑफ कॉमर्स. घाटकोपरला झुनझुनवाला. आणि २०१४ पासून घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो आहेच, ११.४ किलोमीटर, १२ स्टेशनं. पूर्वी जो प्रवास बसमध्ये लटकून अख्खी सकाळ खायचा, तो आता अर्ध्या तासाच्या आत होतो. क्रेडिट्स जमा करायला ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून आहे. एका कॉलेजात मेजर, मेट्रोने जाऊन दुसऱ्या कॉलेजात दुसरा विषय, यात अशक्य काय आहे?

काहीच नाही. फक्त दोन प्रिन्सिपॉलनी एका टेबलावर बसून, चहा घेत, दोन टाइमटेबलं शेजारी शेजारी ठेवायची. मंगळवार आणि गुरुवार दुपार दोन्हीकडे मोकळी ठेवायची. नवा कायदा नको की करोडोंचा निधी नको. स्टाफरूममधल्या खुर्च्यांचा प्रश्न यानेही सुटतो, कारण एकट्या कॉलेजात चार मुलांसाठी विषय बंद पडतो, पण तीन कॉलेजांतली चार-चार मुलं एकत्र आली की बारा होतात. बारा मुलांचा वर्ग चालतो. शिकवायला मजाही येते, असं त्या वहीवाल्या मॅडमच म्हणाल्या.

फॉर्म भरण्याआधी विचारा

तोवर आपल्या भाचरांसाठी आणि स्वतःसाठीही ही छोटी चेकलिस्ट. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करायला हरकत नाही.

• प्रॉस्पेक्टसमधली विषयांची यादी बघून हुरळू नका. गेल्या वर्षी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाला त्यातले कुठले विषय खरोखर चालले, ते विचारा.

• तुम्हाला हवे असलेले दोन विषय एकाच ग्रुपमध्ये, म्हणजे एकाच वेळेत तर नाहीत ना? टाइमटेबल प्रत्यक्ष बघा.

• दुसरा विषय ‘मायनर’ म्हणून मिळणार की ‘मेजर’ म्हणून? क्रेडिट्सचा आकडा लेखी घ्या.

• कॉलेज स्वायत्त आहे का? असेल तर अभ्यासक्रमाचे बरेच निर्णय तिथेच होतात. मग विद्यापीठाच्या वेबसाइटपेक्षा कॉलेजच्या ऑफिसात विचारलेलं बरं.

• डिपार्टमेंटमध्ये कायम शिक्षक किती? विचारायला जरा ऑकवर्ड वाटेल, पण विषय तीन वर्षं टिकणार का हे याच्यावर ठरतं.

• दुसरी डिग्री दूरस्थ करत असाल तर आधी यूजीसीची मान्यता तपासा, मग दोन्हीकडच्या परीक्षांच्या तारखा. लेक्चर्स टकरत नसली तरी पेपर टकरू शकतात!

आणि हो, मामाच्या मुलीला उलट फोन करायला विसरू नका. ‘सगळं चालतं’ असं मोघम सांगून ठेवलं असेल, तर आता नीट सांगा. फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी तिच्याबरोबर कॉलेजात जा, नोटीस बोर्डासमोर उभे राहा आणि टाइमटेबलचा फोटो काढा. अर्धी सुट्टी टाकावी लागेल. टाका!